क्वार्टर सोडायची वेळ

रिटायर व्हायला काही महिने उरले होते तेव्हा ऑफिसातल्या हेडक्लार्कने मला बोलावून घेतलं. "सिस्टर, क्वार्टर रिकामं करायचं आत्तापासून बघून ठेवा," तो म्हणाला. "मागाहून मुदत वाढवून मागायला आलात तर मला नाही म्हणावं लागेल, आणि तुम्हाला नाही म्हणायला मला बरं वाटणार नाही." चांगला माणूस होता. मी मान हलवली आणि वॉर्डात परत आले. इंजेक्शनचा ट्रे लावता लावता पहिल्यांदा डोक्यात आलं, की आपल्याला राहायला घर नाही.

हे आधी कसं सुचलं नाही, याचं आजही नवल वाटतं. घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलच्या आवारात मी ट्रेनिंग संपवून आले आणि तिथलीच होऊन गेले. आधी नर्सेस हॉस्टेल, मग मागच्या बाजूच्या बैठ्या क्वार्टर्समधली एक खोली, स्वयंपाकघर आणि मोरी. भिंतींना वॉर्डाचाच फिकट हिरवा रंग. खाट हॉस्पिटलची, तिच्या पायावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकलेला. पंखा बिघडला की मेंटेनन्सला कळवायचं, नळ गळला की मेंटेनन्सला कळवायचं. मी लग्न केलं नाही. त्यामागे सांगण्यासारखी काही गोष्ट नाही. वडील लवकर गेले, भाऊ लहान होता, त्याचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि तोवर माझ्याबद्दल विचारायचं लोकांनी सोडून दिलं होतं.

रविवारी बोरीवलीला गेले तेव्हा भावाला सांगितलं. तो पेपर वाचत होता. पेपर खाली न ठेवता म्हणाला, "यात विचार काय करायचा, ताई? इथे यायचं."

"मी तर यांना कधीची सांगतेय," भावजय आतून म्हणाली. "ताई कुठे जाणार दुसरीकडे?"

मी बरं म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसलं.

त्याच आठवड्यात माझी मैत्रीण भेटायला आली. ती पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होती आणि माझ्या आधी रिटायर झाली होती. अंधेरीच्या एका जुन्या गावठाणातली मराठी बोलणारी ख्रिश्चन बाई, नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न करून परदेशी. गावठाणात तिचं स्वतःचं कौलारू घर होतं, खाली दोन खोल्या, वर दोन, आणि वर जायला बाहेरून लाकडी जिना.

"वरच्या खोल्या रिकाम्या आहेत," ती म्हणाली. "उंदरांना देऊ का तुला देऊ?"

मी तिलाही बरं म्हटलं.

ती गेल्यावर मी खाटेवर बसून राहिले. एकाच आठवड्यात दोघांना हो म्हणून बसले होते आणि दोन्ही वेळा मनापासून. वॉर्डात मी अशी नव्हते. तिथे एकाच वेळी चार पेशंट हाका मारायचे आणि कुणाकडे आधी जायचं हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. पण तिथे कोण जास्त आजारी आहे हे दिसत असतं. इथे काय बघायचं तेच कळेना.

शेवटी सुट्टी शिल्लक होती ती काढली आणि दोन्हीकडे थोडे थोडे दिवस राहून बघायचं ठरवलं.

बोरीवलीला भावाचं घर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. मागे नॅशनल पार्कची झाडं. सकाळी माकडं गॅलरीत येऊन वाळत घातलेले कपडे ओढायची. भाचीने तिची खोली मला दिली. ती कॉलेजात होती, अभ्यासाचं वय. "आत्या, मला हॉलमध्येच आवडतं गं, टीव्ही बघता बघता झोपता येतं," ती म्हणाली. पण मी आडवी झाले की टीव्ही बंद व्हायचा. मी आत पडल्या पडल्या ऐकायची, कुणीतरी कुणाला तरी "श्श, आत्या" म्हणायचं. मला तर ट्रॉल्यांच्या खडखडाटात झोपायची सवय. शांतता झाली की उलट जाग यायची.

भावजय मला कपसुद्धा विसळू द्यायची नाही. "आयुष्यभर केलंत, आता बसा." मी बसले. बसून काय करतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून गॅलरीत जाऊन माकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या बाई आल्या. त्यांना चक्कर येत होती. मी बीपीचं मशीन बरोबर नेलं होतं, जुनी सवय. बघून दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जाऊबाई आल्या. मग खालच्या मजल्यावरचे आजोबा, मग कुणाच्या पायाची जखम. आठवडा संपता संपता दुपारी हॉलमध्ये चपलांचा ढीग पडायला लागला. भावजय सगळ्यांना सरबत करून द्यायची आणि म्हणायची, "आमच्या ताई आता इथेच असणार." तिचा चेहरा असा फुललेला मी तिच्या लग्नातही बघितला नव्हता. मला बरं वाटत होतं. आणि काहीतरी खुपतही होतं, पण काय ते बोटाने दाखवता येत नव्हतं.

मग अंधेरीला गेले. गावठाणात शिरलं की रस्ता एकदम अरुंद होतो, क्रूसापाशी वळतो, आणि रिक्षा पुढे जात नाही. मैत्रीण दारातच उभी होती. शेजारच्या म्हातारीने ओट्यावरून विचारलं, "कोन गो ही?"

"माझी स्टाफ," मैत्रीण म्हणाली.

मला हसू आलं. पण तिने ते गमतीने म्हटलं नव्हतं, हे दोन दिवसांत कळलं. सकाळी ती जिन्याखाली उभी राहून टाळ्या वाजवायची, ड्यूटी बदलताना हॉस्टेलमध्ये वाजवायची तशाच. मी खिडकी उघडली की ती येऊन बंद करायची. "धूळ येते." ती गेली की मी पुन्हा उघडायची. चादर कशी घालायची, टॉवेल कुठे वाळवायचा, माशाला मसाला किती, सगळ्यावर तिचं मत. तिने घरी कुटलेल्या मसाल्याचं बांगड्याचं कालवण मात्र असं व्हायचं की मी खिडकीचं भांडण विसरून आणखी भात घ्यायची.

तिला डायबेटिस होता. पहिल्याच सकाळी तिने उकळलेली काचेची सिरिंज माझ्या हातात दिली. "तू दे. मी टोचते तर निळं पडतं. तुझा हात हलका आहे."

मी दिलं. रोज सकाळी दिलं. एका सकाळी मी नुसता चहा पीत बसले होते, तर तिने पदर सावरून दंड पुढे केला आणि वाट बघत बसली. मी उठले, हात धुतले. तेव्हाही तेच खुपलं, जे बोरीवलीला खुपलं होतं.

क्वार्टरवर परत आल्यावर भावजय मला सामान निवडायला मदत करायला आली. तसं फार सामान नव्हतंच. आम्ही दोघी खाली बसून ट्रंक उपसत होतो. मधेच ती थांबली.

"ताई, एक सांगू? रागावू नका."

"सांग ना."

"माझ्या आईचे शेवटी फार हाल झाले. अंथरुणातच होती. आम्ही सगळ्या बहिणी होतो, पण एकीला धड काही येत नव्हतं. पाठीला जखमा झाल्या तिच्या." तिने हातातली साडी उगाचच पुन्हा घडी केली. "तुम्ही घरात असलात ना, की मला म्हातारपणाची भीती वाटणार नाही."

ती खोटं बोलली असती तर सोपं झालं असतं.

"अगं, पण मी तुझ्यापेक्षा मोठी आहे," मी म्हटलं.

तिने साडी खाली ठेवली. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "हो की. हे माझ्या लक्षातच आलं नाही बघा."

मीही हसले. पण ती गेल्यावर विचार करत बसले. मी अंथरुणाला खिळले तर माझी पाठ कोण बघणार, हा प्रश्न तिला सुचला नव्हता, यात तिचा काय दोष? तो मलाही आत्ताच सुचत होता. मी दुसऱ्याला कूस बदलून देते, मला कुणी द्यायची असते असं चित्रच माझ्या डोळ्यासमोर कधी आलं नव्हतं.

मैत्रिणीला हे सांगितलं तर तिने सरळ विचारलं, "मग? माझंपण तेच आहे. तुला काय वाटलं, तुझ्या गोड आवाजासाठी बोलावते तुला? नर्स आहेस तर लोक नर्स म्हणूनच बोलावणार. मला तर तेवढ्यासाठीपण कोणी बोलावत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, मी ओरडते."

हे बोलणं मला पटलं. पटलं तरी बरं वाटेना. लोकांना आपली गरज आहे, ही वाईट गोष्ट कशी असेल? माझी गरज नसलेल्या घरात तरी मी काय करणार होते? गावाला मालवणकडे चुलतभाऊ होता, तोही म्हणत होता, "गावाक ये गो, जागा भरपूर आसा." त्याच्या आईला अर्धांगवायू झालेला होता.

अशात आमच्या वॉर्डातल्या एका ज्युनियर सिस्टरने सांगितलं की मुलुंडला तिच्या सासरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचा फ्लॅट विकायचाय, वन रूम किचन, मालक मुलाकडे बडोद्याला गेलेत. मला मुलुंडचं काहीच माहीत नव्हतं. तिचा आग्रह मोडवेना म्हणून बघायला गेले. फ्लॅट अंधारा होता. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची भिंत आणि तिच्यामागे डोंगराचा एक तुकडा दिसत होता. न्हाणीघराच्या दाराला गंज चढला होता. मी नाही म्हणायच्या तयारीनेच स्वयंपाकघरात गेले आणि सहज ओट्यावर हात टेकले.

ओटा माझ्या उंचीचा होता. मी बुटकी आहे. क्वार्टरमधला ओटा, बोरीवलीचा ओटा, मैत्रिणीचा ओटा, सगळीकडे मी खांदे वर करून पोळ्या लाटत आले. इथली मालकीणही बुटकी होती म्हणे, तिने मुद्दाम खाली करून घेतला होता. मी तिथे जरा वेळ उभी राहिले. खांदे खाली होते. त्या खांद्यांचं काय करायचं मला कळेना.

भावाला हे सांगितलं तर तो हसला. "ओट्यासाठी घर घेतात का, ताई? ओटा काय, इथेपण खाली करून घेऊ."

मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं. पण पुढच्या रविवारी बोरीवलीला गेले तर घरात गवंडी. भावाने खरंच आणला होता. तो टेप लावून मोजत होता, आणि भाऊ त्याला सांगत होता, "एवढा खाली घ्यायचा, ताई उभी राहील ना त्या हिशेबाने." भावजय दारात उभी होती. ती चांगली उंच आहे, भावाच्या कानाला लागते. ती गवंड्याच्या टेपकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला ती त्या ओट्यावर कमरेत वाकून भाकऱ्या थापताना दिसली. आज, उद्या, पुढची सगळी वर्षं.

"नको," मी म्हटलं. "मी मुलुंडला जाते."

हे मी बोलले तेव्हा माझं काही ठरलेलं नव्हतं. शब्द तोंडातून आधी गेले. गवंड्याने टेप गुंडाळला. भाऊ माझ्याकडे असा बघत होता जसा काही मी त्याला घराबाहेर काढलं.

"आमचं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"मग?"

मी चपला घालायला वळले. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी तुटक बोलत होता. मैत्रीण तर म्हणाली, "जा. तिकडे एकटी मर." आणि फंडाच्या पैशांतून फ्लॅट घेऊन मी राहायला गेले त्या दिवशी सकाळीच फिनेलची बाटली आणि झाडू घेऊन हजर झाली. तिने न्हाणीघर घासलं, मला खिडक्या पुसायला लावल्या आणि चहाला न थांबता निघून गेली.

रंगारी आला. "कुठला कलर मारू, बाई?" त्याने विचारलं. साठीच्या घरात आले होते, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्याला तुमच्या मनाने मारा म्हटलं. तो म्हणाला, असं नाही चालत, मागाहून लोक कटकट करतात. त्याने भिंतीवर तीन रंगांचे तीन पट्टे मारून दाखवले, मोतिया, पिस्ता आणि फिका निळा. मी उद्या सांगते म्हटलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पट्टे तसेच. येणारा प्रत्येक जण विचारायचा आणि मी प्रत्येकाला वेगळा रंग सांगायची.

बिल्डिंगमध्ये मी नर्स होते हे कुणाला ठाऊक नव्हतं. ज्युनियर सिस्टरच्या सासरची माणसं तोवर दुसरीकडे राहायला गेली होती. चष्मा, इस्त्रीची कॉटनची साडी आणि एकटी बाई, यावरून लोकांनी मला शाळेतली समजून टाकलं आणि टीचर म्हणायला लागले. मी काही बोलले नाही. बीपीचं मशीन ट्रंकेच्या तळाशी घातलं. आपण नर्स नसलो तर आपण कोण, हे बघावंसं वाटत होतं. दिसत काहीच नव्हतं. मी भाजी आणायची, खिडकीत बसायची, एखाद्या दिवशी दिवसभर कुणाशी एक शब्द बोलायची नाही. बोरीवलीच्या चपलांच्या ढिगाची आठवण यायची, आणि अंधेरीच्या टाळ्यांचीसुद्धा.

पहिल्याच पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. मला तो तापाच्या चढण्यावरूनच कळला. डॉक्टरकडे जाऊन आले आणि पडून राहिले. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी दोन दिवस मला पाहिलं नाही म्हणून दार वाजवलं. माझी अवस्था बघून त्या आतच आल्या.

"टीचर, तुम्ही एकट्या पडून राहिल्या? मला हाक नाय मारायची?"

त्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ यायच्या. मऊ खिचडी आणायच्या, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायच्या. थर्मामीटर लावायच्या, पण आधी झटकायच्या नाहीत, त्यामुळे कालचाच ताप आजही निघायचा. गोळ्यांच्या वेळा चुकवायच्या, त्या मी त्यांच्या पाठीमागे नीट करून घ्यायची. पट्टी एवढी ओली असायची की उशी भिजायची. मी काही बोलले नाही. पडल्या पडल्या त्यांचा तो चुकीचा, मायेचा हात बघत राहायची. या बाईला माझ्याकडून काही नको होतं. काही असू शकतं हेच तिला माहीत नव्हतं. एका दुपारी तिने माझी वेणी घातली आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले. ती समजली ताप वाढला.

मग मैत्रीण आली. बाईंनी थर्मामीटर वाचला आणि मैत्रिणीने तो हातातून काढून घेतला.

"झटकला नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू बघत पडून राहिलीस? एवढी वर्षं नर्सिंग करून?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही टीचर नाय?"

"हॉस्पिटलात होती माझ्याबरोबर," मैत्रीण म्हणाली. "वॉर्ड चालवायची."

बाईंनी खिचडीचं भांडं उचललं आणि त्या वर निघून गेल्या. दोन-तीन दिवस आल्या नाहीत. ते दिवस मैत्रीणच राहिली, आणि तिची चादर घट्ट, पट्टी पिळलेली, सगळं अगदी बरोबर होतं.

ताप उतरल्यावर बाई आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मला शिकवलं का नाय? मी चुकत होती, तुम्ही मनात हसत होत्या ना?"

"नाही हो. हसत नव्हते."

"मग काय करत होत्या?"

मला खरं उत्तर द्यायचं होतं. "मला ते आवडत होतं," मी म्हटलं. "का ते मलाच नीट माहीत नाही."

त्यांनी दारात चपला काढल्या. मग आत येऊन बसल्या, आणि थर्मामीटर कसा झटकायचा ते दाखवा म्हणाल्या. मी दाखवलं. पुढे हळूहळू बिल्डिंगमध्ये कळलंच. लोक येतात, मी बघून देते, पण सकाळी येतात, ते मी सांगून ठेवलंय. एका भिंतीला शेवटी पांढरा मारला, बाकीच्या तशाच आहेत. भावजयीचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती महिनाभर माझ्याकडे येऊन राहिली. मी तिला कूस बदलून दिली. ओट्यापाशी उभी राहिली की तिची कंबर दुखायची, म्हणून तिला तिथे फिरकूच दिलं नाही. भावाने तेव्हा घर पहिल्यांदा नीट फिरून बघितलं आणि "बरं आहे" म्हणाला. खूश होऊन म्हणाला की हार मानून, मला ओळखता आलं नाही.

आता नवीनच झालंय. मागच्या आठवड्यात मैत्रीण आली होती. तिच्या पायाला बरेच दिवस सूज आहे. मुलगी फोनवरून घर विक म्हणतेय आणि गावठाणात बिल्डर फिरायला लागलेत. चहा पिऊन झाल्यावर ती उठली आणि पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं टाकत चालली.

"इथे आणखी एक खाट बसेल," ती म्हणाली.

"बसेल," मी म्हटलं.

"मग येऊ का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने खिडकी बंद केलेली होती. माझ्या मनात एकदम हो आलं, लगेच नाही आलं, आणि मग दोन्ही एकदम आली.

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय? सांग."

"अगं, विचार तर करू दे."

ती पुन्हा बसली आणि वाटीतला चिवडा खायला लागली. मला घाई नाही, असं तिने सांगितलं. तिला घाई आहे, हे मला माहीत आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.